बंडलातला सिगार पारखायचा कसा?

प्रश्न असा आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या एका वाचकांनी जानेवारीत निकाराग्वाच्या २० सिगारांचं बंडल टपालाने मागवलं. नगाला साडेचार डॉलर पडले. दोन आठवड्यांत सहा ओढून झाले. तीन बरे गेले, दोन इतके घट्ट की ओढून ओढून गाल दुखले, एक एकाच बाजूने जळत गेला, आणि सहाच्या सहा शेवटी कडू झाले. त्यांची खरी खंत मात्र पुढे आहे: ‘लोक लिहितात, कोको लागला, लेदर लागलं, सीडर लागलं. मला नुसता धूर लागतो. माझी जीभ वाईट की सिगार वाईट?’

जीभ वाईट नाही, हे आधी सांगतो. सिगारबद्दल मात्र तुम्हाला अजून फारसं काही कळलेलं नाही, कारण ऐन थंडीत टपालातून आलेला सिगार त्याच आठवड्यात ओढणं म्हणजे लांबून चालत आलेला बैल तसाच औताला जुंपणं. तो कसा चालतो त्यावरून त्याची जात ठरवता येत नाही.

मी न्यू जर्सीत सिगारच्या दुकानात २१ वर्षं आहे. त्याआधी निपाणीला वाढलो. आमचे अण्णा तंबाखूच्या वखारीत माल बघायचे. तो बिडीचा तंबाखू, सिगारच्या पानाशी त्याचं नातं लांबचं, पण पारखायची रीत मी तिथेच बघितली. अण्णा चिमूट तळहातावर घेत, अंगठ्याने चोळत, हात नाकाशी नेत. मग तंबाखू झटकून टाकून तोच रिकामा तळहात पुन्हा एकदा हुंगत. या दुसऱ्या वासावर त्यांचा भरवसा जास्त. आणि एका पोत्यावरून ते कधी बोलत नसत. वरची चिमूट, मधली, तळातली, मग पलीकडच्या दोन पोत्यांतली, एवढं झाल्याशिवाय तोंडातून आकडा निघत नसे. त्या आकड्यावर एखाद्या घराचं वर्ष अवलंबून असायचं. तंबाखूच्या भावासाठीच १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि गोळीबारात माणसं गेली. त्यामुळे तंबाखू पारखणं हा मला कधीच नुसता शौक वाटला नाही.

तुमच्या बंडलालाही तीच रीत लावायची. महागडा सिगार माणूस वर्षातून चारदा ओढतो, तेव्हा त्याने काहीतरी विशेष द्यावं अशी अपेक्षा असते. नेहमीच्या सिगारकडून मला एकच हवं असतं: मागच्या शनिवारी होता तसाच तो या शनिवारी निघावा. म्हणून एकेक सिगारला गुण देत बसू नका. पाच ओढा आणि पाचांतले किती नीट गेले ते मोजा. पाचांत दोन बिघडले तर साडेचार डॉलरचा सिगार तुम्हाला साडेसातला पडला. तुमच्या हिशेबाने सहांत तीन बरे गेले, म्हणजे आत्तापर्यंत प्रत्येक बऱ्या सिगारला तुम्ही नऊ डॉलर मोजलेत. नऊ डॉलरला याहून कितीतरी चांगला माल मिळतो.

आता, साडेचार डॉलरमध्ये त्यांनी पैसे वाचवले कुठे, हे कळलं की कुठे बघायचं ते कळतं. लाकडी पेटी नाही, सेलोफेनचं बंडल आहे. कागदी पट्टी साधी आहे. वरच्या पानाचा, म्हणजे रॅपरचा, रंग सगळ्या नगांत एकसारखा नाही, कुठे शीर जाड आहे. यातल्या कशानेही चवीचं नुकसान होत नाही. अशी काटकसर मला आवडते. आतल्या भरणीत, म्हणजे फिलरमध्ये, दोन प्रकार येतात. लाँग फिलरमध्ये पेटवायच्या टोकापासून ओढायच्या टोकापर्यंत अखंड पानं दुमडून घातलेली असतात, शॉर्ट फिलरमध्ये कातरण. कातरण ऐकून नाक मुरडू नका. क्युबाच्या स्वस्त मालातले होसे एल. पिएद्रा आणि किंतेरो हे असल्या तुकड्या पानांचेच, पण हाताने वळलेले सिगार आहेत, आणि ते आवडीने ओढणारे लोक जगभर आहेत. (अमेरिकेत ते विकता येत नाहीत. तुमच्या हातात निकाराग्वाचा माल येण्यामागेही तोच इतिहास आहे. क्युबात १९६० मध्ये कारखाने सरकारजमा झाले, १९६२ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी घातली, आणि त्या काळात तिथले कित्येक तंबाखूवाले आपलं बियाणं आणि कसब घेऊन डोमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वाला गेले. आज निकाराग्वातलं एस्तेली हे शहर बऱ्याच अंशी सिगारवर जगतं.)

पैसे वाचवू नयेत अशी जागा म्हणजे वेळ. सिगारचं पान वाळल्यावर त्याचे मोठे ढीग रचतात. ढीग आतून तापतो, पान आंबतं, ढीग मोडून खालचं वर करतात, पुन्हा रचतात. या मुरण्यात पानातला अमोनिया उडून जातो. घाई केली की तो आत राहतो आणि मग ओढणाऱ्याच्या नाकात जातो. स्वस्त सिगारमधला खरा दोष बहुतेक वेळा हाच असतो.

म्हणून पहिलं काम: उरलेले १४ सिगार हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात घाला, त्यात आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणारं पाकीट ठेवा आणि तीन आठवडे डबा विसरून जा. जानेवारीत इथे घरात हीटर चालू असतो, हवा कोरडी ठणठणीत. वरचं पान भराभर सुकतं आणि आतली भरण दमट राहते. एका बाजूने जळण्याचं ते एक मोठं कारण. आणि आतलं पान ओलाव्याने फुगलेलं असलं की धूर वाट काढू शकत नाही. तुमचे ते दोन घट्ट सिगार कदाचित याच कारणाने घट्ट झाले असतील. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांची अडचण उलटी, पावसाळ्यात बाहेरची हवाच पाणी पाजते. तिथे डबा घट्ट हवा आणि जागा गार हवी. साधारण २४-२५ अंशांच्या वर तापमान गेलं की तंबाखूच्या किड्याची अंडी भराभर फुटायला लागतात. घरातल्या हळकुंडांना बारीक भोकं पाडणारा तपकिरी किडा आठवतो ना? तोच हा. भोक दिसलं तर सगळा डबा पिशवीत बांधून आधी एक दिवस फ्रिजमध्ये, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग बाहेर. एकदम आतबाहेर केलं तर रॅपर तडकतो.

तीन आठवड्यांनी त्यातला एक चिरायचा. साडेचार डॉलर वाया गेले असं वाटेल, पण पाच ओढून जे कळत नाही ते हा एक सांगतो. पांढरा कागद पसरा. डोक्याकडची, म्हणजे ओढायच्या टोकाची, टोपी ओल्या बोटाने दाबा, ती सुटते. तिथून रॅपरचं टोक धरून हळूहळू उलगडा. चांगला रॅपर फाटत नाही, वापरून मऊ झालेल्या नोटेसारखा ताणला तरी वाकतो. त्याखालचं पान म्हणजे बाइंडर, जाडसर, अनेकदा डागाळलेलं. त्याला शिरा दिसल्या पाहिजेत. शिरा नसलेला, कागदासारखा सपाट तपकिरी थर दिसला तर तो तंबाखूच्या भुकटीचा लगदा लाटून केलेला आहे. यंत्रावरच्या स्वस्तात स्वस्त मालात तो असतो, हातवळणीच्या सिगारमध्ये मला तो नको. आता पात्याने उभा छेद द्या आणि उघडा. एक पान जास्त काळपट, जाड, तेलकट हाताला लागेल. ते लिखेरो, झाडाच्या शेंड्याकडचं. सगळ्यात कडक आणि सगळ्यात सावकाश जळणारं. ते बरोबर मधोमध असायला हवं. कडेला सरकलं असेल तर ती बाजू मागे राहणार आणि दुसरी जळत पुढे जाणार. तुमचा एका बाजूने जळलेला सिगार चिरून बघता आला असता तर मी आधी हेच बघितलं असतं. पानाची पिळवटलेली गाठ किंवा काडीसारखी जाड दांडी सापडली तर घट्टपणाचं उत्तरही तिथेच. शेवटी प्रत्येक पान वेगळं चोळून हुंगा. कडब्याचा, गोठ्याचा, गुळाच्या रव्याचा वास आला तर ठीक. नाकात सुई टोचल्यासारखं झालं तर माल कच्चा आहे. तो टाकू नका, चार-सहा महिने डब्यात राहू द्या. बराचसा अमोनिया निघून जातो.

आता ओढायचे पाच. एकच वेळ, एकच जागा, वारा नको, सोबत साधं पाणी, आणि पोटात काहीतरी असू द्या. पेटवण्याआधी सिगार दोन बोटांत धरून पायापासून, म्हणजे पेटवायच्या टोकापासून, डोक्यापर्यंत हलके दाबत जा. पोकळ किंवा दगडासारखी जागा लागली तर वहीत टिपा. टोपी अगदी थोडी कापा, दोन मिलिमीटरच्या आत. मग न पेटवता ओढून बघा. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढताना जेवढा जोर लागतो तेवढा लागला तर उत्तम. घट्ट लस्सी ओढतोय असं वाटलं तर सिगार रात्रभर डब्याबाहेर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तरीही तसाच असेल तर तो नापास, आणि नापासांत मोजायचा. ओढून ओढून पार पाडलेला सिगार बऱ्यांत धरला की सगळा हिशेब बिघडतो.

शेवटच्या कडूपणाचं काय? तुम्ही लिहिलंत की सिगार अर्ध्या तासात संपतात. पाच इंच लांब आणि ५० जाडीच्या (म्हणजे इंचाच्या ६४ भागांपैकी ५०) सिगारला पाऊण ते एक तास लागायला हवा. तुम्ही तो शिजवताय. भराभर ओढलं की टोक तापतं, पानातला ओलावा आणि डांबर तोंडाकडच्या भागात येऊन साठतं, आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तुम्ही तेच ओढता. मिनिटाला एक झुरका पुरे. हातात फोन असेल तर हे जमत नाही, दुकानात रोज बघतो. मधे एकदा उलटी हलकी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा. इतकं करूनही अर्ध्यातच कडू झाला तर दोष पानाचा. शेवटच्या दीड इंचात झाला तर या किमतीला मी तो दोष धरत नाही, खाली ठेवून देतो.

एक गोष्ट विचारून घेतो, कारण सिगारेटवरून सिगारकडे आलेले लोक हमखास हे करतात: धूर छातीत घेत नाही ना? सिगारच्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो, निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच अंगात जातं, आणि रिकाम्या पोटी घाम फुटून मळमळतं ते त्यामुळेच. आणि न घेतल्याने धोका टळत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कर्करोग धूर छातीत न घेणाऱ्यांनाही होतात. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा (तिथला गावठी सिगार) उलटा, जळकं टोक तोंडात धरून ओढणाऱ्या बायकांच्या टाळूला कर्करोग होतो हे डॉक्टरांनी कधीच नोंदवून ठेवलंय. मी ‘नेहमीचा’ म्हणतो तेव्हा रोजचा म्हणत नाही. शनिवारी एक, एवढ्यासाठीच मी हे सगळं लिहितोय. जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करू नये असंच माझं म्हणणं आहे, आणि दुकानात पहिल्यांदा आलेल्या पोरांनाही मी तेच सांगतो.

आता तुमच्या खंतीकडे येतो. तुम्हाला लेदर लागत नाही, कारण तो शब्द तुमच्या नाकाने कधी शिकलेलाच नाही. तुमच्या नाकाला कोल्हापुरी चप्पल माहीत आहे. नवी, अजून तेल न पाजलेली, कागदातून सोडवताना येणारा तो वास आठवा आणि मग झुरका घ्या. सीडर म्हणजे नव्या पेन्सिलीला टोक काढताना येतो तो वास. लोक कोको म्हणतात ते मला पुष्कळदा भाजलेल्या चिंचोक्यासारखं लागतं, गोडी नसलेलं, खरपूस. ‘नट’ लिहिलेलं असतं तिथे भट्टीतल्या शेंगदाण्याची साल आठवा, दाणा नव्हे, साल. ‘अर्थ’ (earth) म्हणजे पहिल्या पावसाची माती नव्हे, कुंडी उकरल्यावर येणारा दमट वास. ‘ब्रेड’ म्हणजे भाकरीचा पापुद्रा, तव्याला लागून डाग पडलेला. काकवी, खारीक, कडबा, फुटाणे, हे सगळं मला सिगारमध्ये सापडलंय. निकाराग्वाच्या पानात मिरी तर बहुतेक वेळा असतेच, पण ती जिभेवर शोधू नका. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकीचं बरंचसं काम नाकाचं. झुरक्यातला बराचसा धूर तोंडाने सोडा आणि उरलेला थोडासा, अगदी थोडासा, नाकातून जाऊ द्या. पहिल्या दोन-तीन वेळा डोळ्यांत पाणी येईल. चौथ्या वेळी ‘नुसता धूर’ राहणार नाही.

आणि दोष ओळखायला तर आपली भाषा फारच कामाची आहे. इंग्रजीत गिऱ्हाईक नुसतं ‘बिटर’ म्हणतं आणि मला पुढे दहा प्रश्न विचारावे लागतात. आपल्याकडे कडू वेगळं आणि तुरट वेगळं. कच्च्या सुपारीसारखी जीभ आवळली तर ते तुरट, पान कोवळं किंवा ओलं आहे, थांबा. करपट लागलं तर बहुतेक तुम्ही विझलेला सिगार राख न झटकता पुन्हा पेटवलाय. उग्र म्हणजे अमोनिया, वर सांगितलं तसं डब्यात महिने काढू द्या. सपक म्हणजे सिगार कधीतरी पार सुकून गेला होता आणि तेल उडालं, आता पाणी पाजून परत येत नाही. मचूळ लागला तर साठवण वाईट झाली आहे, बुरशी आहे का बघा. पांढरी केसाळ लव असेल तर विकणारा काहीही म्हणो, ती बुरशीच. वहीत कोकोच्या आधी हे शब्द लिहा.

राखेचं कौतुक फार होतं. लांब टिकली तर आत बहुधा अखंड पान आहे, एवढंच ती सांगते. पांढरी राख म्हणजे उत्तम सिगार हे खरं नाही.

रंगाबद्दलही तसंच. काळा रॅपर म्हणजे कडक सिगार नव्हे. मादुरो पान जास्त काळ, जास्त उष्णतेत मुरवलेलं असतं म्हणून काळं होतं, आणि अनेकदा ते गोडसरच निघतं. पण मुरवायला वेळ लागतो, म्हणून स्वस्त मालात कधी कधी रंग चढवतात. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून आमच्याकडे बंडलं आली, दिसायला काळीभोर, एकसारखी, एका नगातही छटेचा फरक नाही. तेव्हाच शंका आली. पांढरा कागदी रुमाल जरा ओला करून एकावर घासला तर रुमालावर चहासारखा पट्टा उमटला. खऱ्या पानाचाही किंचित डाग पडतो, पण एवढा नाही. सगळा माल परत पाठवला. तुमचा सिगार काळा असेल तर ओढण्याआधी हे जरूर करून बघा, ओठांना लागणारी वस्तू आहे.

पाच ओढून झाले की वही उघडा. प्रत्येकापुढे एवढंच हवं: ड्रॉ कसा होता (म्हणजे ओढायला किती जोर लागला), किती वेळा पुन्हा पेटवावा लागला, किती मिनिटं चालला, खाली ठेवला तेव्हा किती इंच उरला होता. पाचांपैकी चार कटकट न करता गेले, फार तर एखादा एकदा विझला, आणि निदान तीन तुम्ही दीड इंचापर्यंत ओढलेत, तर बंडल पास. मग चव साधी असली तरी चालेल. नुसती भाजल्या शेंगदाण्याची आणि थोड्या मिरीची चव असलेला, पण दर वेळी तशीच देणारा सिगार मी वर्षानुवर्षं घेतलाय. जमलं तर पाचांत तुमच्या ओळखीचा एखादा दुसरा सिगार घरातल्या कुणाला तरी पट्टी काढून मिसळायला सांगा. कुठला कुठला ते न कळता ओढलेला सिगार खरं बोलतो.

एक चिरला, पाच ओढले, म्हणजे आठ उरतील. पास झाला तर ते सगळे संपवू नका. दोन वेगळ्या सेलोफेनमध्ये घालून वर तारीख लिहा आणि डब्याच्या तळाशी ठेवा. स्वस्त मालाचं मिश्रण पिकाप्रमाणे बदलतं, पट्टी मात्र तीच राहते. पुढचं बंडल आलं की त्यालाही तीन आठवडे द्या, आणि मग त्यातला एक आणि या दोनांतला एक, लागोपाठच्या दोन शनिवारी ओढून बघा.